जाळीवरचा पिझ्झा: आच वरून कशी आणायची

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं देतोय ते स्पष्ट राहील. गच्चीवर तुमच्याकडे अठरा इंची, झाकणाचा, कोळशावर चालणारा गोल ग्रिल आहे. पिझ्झा जाळीवर ठेवला की दोन-तीन मिनिटांत खालून काळा पडतो, वरचं चीज मात्र नुसतं मऊ होतं आणि सिमला मिरची कच्चीच राहते. कोळसा कमी करून पाहिलात, तर चीज वितळेपर्यंत बेस वाळून कडक होतो. पुढच्या महिन्यात मुलीच्या वाढदिवसाला पंधरा माणसं यायची आहेत. पिझ्झा स्टोन, म्हणजे पिझ्झा भाजायचा सपाट दगड, घेऊ, की मैदा बदलू, असं तुम्ही विचारताय.

मी पुण्याजवळ, मुळशी आणि पवनेच्या बाजूला फार्महाउसवरच्या कार्यक्रमांना ग्रिलवर पिझ्झे करून देतो. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी विचारतं. दोष मैद्याचा नाही. स्टोनने थोडा फरक पडेल, पण नुसता स्टोन आणून जाळीवर ठेवलात तर बेस करपायला दोनऐवजी पाच मिनिटं लागतील, एवढंच. ग्रिलमध्ये सगळी आच खालून येते आणि पिझ्झ्याला ती वरूनही लागते, हे खरं कारण आहे.

इटलीतल्या नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत काय होतं ते बघा. तिथे भट्टीची जमीन साधारण चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि वरचा विटांचा घुमट त्याहून गरम. जाळ घुमटाला चाटत वरून फिरतो. तापलेल्या जाड विटा वरून उष्णता फेकतात, त्यामुळे ६० ते ९० सेकंदांत खालची आणि वरची बाजू एकदमच तयार होते. तुमच्या ग्रिलचं झाकण म्हणजे पातळ पत्रा. तो उष्णता साठवत नाही, उघडला की गार होतो, आणि जाळीपासून बराच उंच असतो. त्याच्याकडून घुमटाचं काम होणार नाही. म्हणून नव्वद सेकंदांच्या पिझ्झ्याच्या मागे लागू नका. कोळशाच्या ग्रिलवर पाच ते सात मिनिटांत निघालेला पिझ्झा उत्तम असतो.

यावर वाटा दोन आहेत. एक, काहीतरी करून वरची आच वाढवायची आणि खालची अडवायची. दुसरी, वरची आच मिळणार नाही हे गृहीत धरून बेस दोन्ही बाजूंनी जाळीवरच भाजायचा. यातली कोणती निवडायची ते माणसं किती, ग्रिलला झाकण आहे का आणि तुम्हाला कसा पिझ्झा आवडतो यावर ठरतं. पंधरा माणसं आणि अठरा इंची ग्रिल म्हटल्यावर मी तुम्हाला दुसरी वाट सांगेन. पण घरच्या चौघांसाठी पहिली वाट सुरेख आहे, म्हणून तीही सांगतो.

पहिल्या वाटेत स्टोन लागतो. कॉर्डिएराइटचा घ्या. कुंभारकामाच्या भट्टीतल्या फळ्याही याच मातीच्या असतात, तापल्या-गार झाल्याने सहसा तडकत नाहीत. शहाबादी फरशी, कडप्पा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा वापरायचा मोह होतो, कारण प्रत्येकाच्या घरी मागे पडलेला असतो. वापरू नका. थरांमध्ये ओल असते, तापल्यावर कपचा उडतात. चकाकीचा लेप असलेली टाइल तर अजिबात नको. बिडाचा तवा चालतो, पण लोखंड दगडापेक्षा दहापटीहून जास्त वेगाने उष्णता पुढे ढकलतं, म्हणून तव्यावर दगडापेक्षा पन्नासेक अंश कमी तापमान ठेवावं लागतं. अठरा इंची ग्रिलला बारा इंचांचा स्टोन पुरे. ग्रिल भरून जाईल एवढा मोठा घेतलात तर चारी बाजूंनी वर जाणारी गरम हवाच अडते, झाकणाखाली गारवा राहतो आणि तुम्ही परत मूळ अडचणीवर येता.

कोळसा स्टोनच्या खाली ठेवायचा नाही. मागच्या बाजूला अर्धवर्तुळात लावायचा, मधला भाग मोकळा. जाळीवर भट्टीच्या दोन कोरड्या विटा आडव्या टाकायच्या आणि त्यांवर स्टोन, म्हणजे तो झाकणाच्या जवळ जातो. एवढ्या एका बदलाने फार फरक पडतो. झाकण ठेवताना त्याची भोकं समोरच्या बाजूला, कोळशाच्या बरोबर विरुद्ध आली पाहिजेत. मग गरम हवा मागून उठते, पिझ्झ्यावरून आडवी वाहते आणि पुढून बाहेर पडते. खालची झडप पूर्ण उघडी. स्टोन गार ग्रिलवरच ठेवून सोबत तापू द्यायचा, त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. झाकणावरचा काटा झाकणाखालच्या हवेचं तापमान दाखवतो, दगडाचं नव्हे, म्हणून बंदुकीसारखा धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर असला तर बरं. दगड २८० ते ३२० अंशांत आला की पिझ्झा सोडायचा. ३५० च्या वर गेला तर थांबा, ग्रिलमध्ये वरची बाजू तेवढ्या वेगाने तयार होणार नाही.

आणि पिझ्झा आत सोडायच्या मिनिटभर आधी कोळशावर मनगटाएवढं जाड, खडखडीत वाळलेलं बाभळीचं किंवा आंब्याचं लाकूड टाका. जाळ उठतो, मागून झाकणाला लागून पुढे येतो, आणि चीजवर जे तपकिरी ठिपके तुम्हाला हवे आहेत ते त्याच जाळाने येतात. नुसत्या निखाऱ्यांवर ते येत नाहीत.

वरून आच देण्याची कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. गोव्यात बेबिंक हा थरांचा गोड पदार्थ असाच करतात. भांड्यावर झाकण, झाकणावर करवंट्यांचे निखारे, आणि एकेक थर वरून भाजत जायचा. ज्यांच्याकडे झाकणाचा ग्रिल नाही, नुसती उघडी शेगडी आहे, त्यांना मी हेच सांगतो: पिझ्झ्यावर लोखंडी कढई उलटी घाला आणि तिच्या पाठीवर चार निखारे ठेवा. जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं मात्र वापरू नका, तापल्यावर त्याची वाफ घशाला आणि फुप्फुसाला वाईट.

आता तुमच्या वाढदिवसाची वाट. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात जोहान किलीन आणि जॉर्ज जर्मन या जोडप्याने १९८० साली ‘अल फोर्नो’ नावाचं रेस्टॉरंट काढलं. बेस थेट कोळशाच्या जाळीवर भाजायचा, उलटायचा आणि भाजलेल्या बाजूवर टॉपिंग घालायचं, ही पद्धत त्यांच्यामुळे सगळीकडे पोचली. यात खालून येणाऱ्या आचेशी भांडण नाही. तिचाच दोनदा उपयोग करून घ्यायचा.

कोळसा अर्ध्या ग्रिलमध्ये लावा, अर्धा रिकामा ठेवा. एक बाजू कडक आचेची, दुसरी मंद. लाकडी कोळसा, म्हणजे लोणारी कोळसा, घ्या. दगडी कोळसा खाण्याच्या जवळ आणू नका. रॉकेल ओतून पेटवू नका, वास बेसमध्ये उतरतो. पेटवायची पत्र्याची चिमणी मिळते, तिच्या खाली कागदाचे बोळे किंवा गोवरीचा तुकडा लावला की पंधरा-वीस मिनिटांत कोळशावर पांढरट राख धरते. तोपर्यंत जाळीवर काही ठेवायचं नाही. जाळी तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ, आणि चांगली तापलेली हवी. अर्धवट तापलेल्या जाळीला कणीक चिकटते.

बेसच्या एका बाजूला तेलाचा हात फिरवा, हलका. तेल निथळलं तर कोळशावर भडका उडतो आणि काजळी बेसला लागते. तेलाची बाजू खाली करून बेस कडक आचेवर टाका. कडेला झुलणारा भाग आधी टेकवायचा आणि हात मागे ओढत बाकीचा पसरायचा. पहिली दहा सेकंदं कणीक जाळीत पडेल अशी भीती वाटते. पडत नाही, लगेच ताठ होते. अर्ध्या मिनिटात वरच्या बाजूला फुगे यायला लागतात. मिनिट होत आलं की चिमट्याने कड उचलून बघा: खाली जाळीच्या रेघा गडद तपकिरी आणि मधला भाग सोनेरी हवा. कुठे जास्त रंग आला असेल तर बेस पाव फेरा फिरवा. मोठे फुगे चिमट्याच्या टोकाने फोडा, नाहीतर उलटल्यावर तेवढाच भाग जळतो. वरच्या बाजूला तेल लावा, उलटा, आणि लगेच मंद बाजूला ओढा.

आता टॉपिंगसाठी हातात वेळ आहे, घाई करू नका. भाजलेल्या बाजूवर आधी चीज पसरा. गरम बेसवर ते लगेच मऊ पडायला लागतं. त्यावर सॉस चमच्याने ठिकठिकाणी, सगळीकडे सारवायचा नाही. आधी सॉस लावला तर तो बेस गार करतो, ओला करतो, आणि चीज त्या गार थरावर बसतं. वरची आच कमी असताना हा क्रम उलटा करणं फार महत्त्वाचं. मग पिझ्झा कडक आणि मंद आचेच्या सीमेवर सरकवा, झाकण ठेवा, दोन मिनिटं. मध्ये झाकण उघडून बघू नका, प्रत्येक वेळी वरची गरम हवा निघून जाते. दोन मिनिटांनी चीज बुडबुडलेलं दिसेल. नसेल तर मंद बाजूला अजून एक मिनिट, खाली जळायचा धोका तिथे नाही.

टॉपिंगबद्दल एकच नियम सांगतो, आणि तो मी कुणासाठी मोडत नाही: ग्रिलवर काही शिजवायचं नाही, फक्त गरम करायचं. कांदा, सिमला मिरची, मश्रूम, मक्याचे दाणे, चिकन, सगळं आधी परतून, पाणी आटवून, गार करून ठेवायचं. तुमची मिरची कच्ची राहते ती याचसाठी. दोन मिनिटांत ती शिजणं शक्यच नाही, वर ती पाणी सोडते आणि चीजही गार ठेवते. मोझरेला बाजारात कमी पाण्याचं, किसायचं मिळतं, तेच घ्या आणि तासभर आधी फ्रीजबाहेर काढा. ताज्या मोझरेलाच्या पाण्यातल्या गोळ्यांना भट्टी लागते, ग्रिलवर त्यांचं तळं होतं. डब्यातल्या क्यूबच्या प्रोसेस्ड चीजला तार सुटत नाही, त्यात न फुटण्यासाठी क्षार घातलेले असतात. सॉससाठी नारायणगाव-पिंपळगावकडचे टोमॅटो उत्तमच, पण ते दूरवर नेता यावेत म्हणून टणक आणि गराचे असतात, आंबटपणा कमी. ते बारीक करून लसणाबरोबर निम्मे होईपर्यंत आटवा. कच्च्या टोमॅटोचा सॉस जाळीवर नको.

कणकेचं माप. साधा मैदा चालेल, पाकिटामागे प्रथिनं शंभर ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅम असली की पुरे. दोन किलो मैद्याला बाराशे मिली पाणी, ४४ ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ४० मिली तेल. साखर नको. जाळीवर ती आधी करपते, आणि फ्रीजमध्ये रात्रभर राहिलेल्या कणकेत पिठातल्या स्टार्चपासून पुरेशी साखर आपोआप तयार होते. चांगली तिंबा, १८० ग्रॅमचे अठरा गोळे करा, पृष्ठभाग ताणून खाली चिमटून बंद करा, तेल लावलेल्या डब्यांत अंतर ठेवून २४ तास फ्रीजमध्ये. एक दिवस आधीच का, तर थंडाव्यात यीस्ट सावकाश चालतं, चव तयार होते आणि कणीक ताणायला सैल होते. थंडीत दोन तास आधी बाहेर काढा, एप्रिल-मेमध्ये पाऊण-एक तास पुरे. उन्हाळ्यात गच्चीवर गोळे उघडे ठेवलेत तर ते डबाभर पसरतात आणि उचलताना फाटतात. कणीक मळायला लागणारं पाणीही तेव्हा फ्रीजमधलंच घ्या. गव्हाचं पीठ घालायचं असेल तर निम्म्यापर्यंत. चक्कीचं पीठ जास्त पाणी पितं, किलोला साठ-सत्तर मिली वाढवा, आणि ते लवकर लाल होतं म्हणून आच थोडी उतरवा.

लाटणं वापरायचं की नाही, यावर लोक हिरिरीने बोलतात. स्टोनवर करताना हातानेच ताणा, कडेला हवा राहिली तर ती फुगते आणि छान लागते. पण थेट जाळीवर जाड कड कच्ची राहते. तिथे बेस सगळीकडे सारखा, चार-पाच मिलिमीटरचा हवा, आणि त्यासाठी पोळपाट-लाटणं हे योग्य साधन आहे. आपल्या घरांत लाटायला बसलेले हात असतात, त्यांचा उपयोग करा. गोल नाही झाला तरी चालतं, लांबट बेस उलटायला सोपा जातो.

स्टोनवर पिझ्झा सरकवायला लाकडी पाट किंवा जाड पुठ्ठा पुरतो. खाली बारीक रवा किंवा तांदळाची पिठी भुरभुरा. सुका मैदा तापलेल्या दगडावर जळून कडू होतो. आणि बटर पेपर घालून सोपं करू नका, या तापमानाला तो पेटतो.

पंधरा माणसांचं गणित असं. अठरा इंची ग्रिलच्या कडक बाजूला एका वेळी एकच नऊ इंची बेस बसतो. मुलं समोर ताटं घेऊन उभी असताना कच्च्या बेसपासून सुरुवात केली तर प्रत्येक पिझ्झ्याला चार-पाच मिनिटं लागतील आणि तुमचा पार्टीत पत्ता नसेल. म्हणून पाहुणे यायच्या तासभर आधी सगळे बेस भाजून घ्या: एक बाजू पूर्ण, दुसरी फक्त अर्धा मिनिट. दुसऱ्या, न तापलेल्या जाळीवर गार करा आणि मग कापडात रचा, गरम रचलेत तर वाफेने ओले होतात. वाढायच्या वेळी पूर्ण भाजलेली बाजू वर, तिच्यावर टॉपिंग, आणि झाकणाखाली दोन-अडीच मिनिटं. आता बेस आधीच ताठ असल्याने मुलंही टॉपिंग लावू शकतात, आणि त्यांना ते खाण्याइतकंच आवडतं.

सुरुवातीला दीड-दोन किलो कोळसा लागेल. अर्ध्या-पाऊण तासाने भर घालावी लागते, पण कच्चा कोळसा थेट टाकू नका, धूर होतो आणि आच पडते. चिमणीत वेगळा पेटवून मगच ओता. पूर्ण कार्यक्रमाला चार-पाच किलो जवळ ठेवा, आणि पावसाळा असेल तर बंद डब्यात, कारण कोळसा हवेतली ओल ओढतो आणि मग तडतडतो. गच्चीवर वारा असतो, तेव्हा ग्रिलची खालची झडप वाऱ्याच्या तोंडाला येणार नाही असा फिरवा, नाहीतर एकाच कोपऱ्यात निखारे भडकतात. वॉटरप्रूफिंगच्या थरावर निखारा पडला तर भोक पडतं, म्हणून ग्रिलखाली फरशी टाका. शहाबादीचा तुकडा इथे खुशाल वापरा. आणि पाऊस आला म्हणून ग्रिल काचा लावलेल्या बाल्कनीत किंवा जिन्याच्या खोलीत नेऊ नका. निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि तो जीव घेतो. काम संपल्यावर सगळ्या झडपा बंद करा, राख दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या बादलीत काढा. कचऱ्याच्या पिशवीत त्याच रात्री नाही.

गॅसचा ग्रिल असलेल्यांनाही हेच तंत्र चालेल: सगळे बर्नर पंधरा मिनिटं पूर्ण, मग एका बाजूचा बंद. लाकडाचा जाळ तेवढा मिळत नाही.

तुम्ही वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी पाव पट कणीक मळून चार बेस करून बघा. दोन जाळीवर, आणि स्टोन घेतलात तर दोन त्यावर. प्रत्येकाच्या वरच्या बाजूचा फोटो सगळेच काढतात, तुम्ही उलटा करून तळाचाही काढा आणि कोळसा कुठल्या बाजूला होता ते लिहून पाठवा. काळे डाग कुठे आहेत आणि पांढरा भाग कुठे उरला आहे त्यावरून कोळसा किती सरकवायचा आणि झाकणाची भोकं कुठे आणायची, ते मी नेमकं सांगू शकेन.